गळाची काठी व तिजवरील धन्याचा हात

पोथीच्या समासांतील टीप किंवा हरताळ लावून सुधारलेलें अक्षर दिसतांच संशोधक सावध होतो. कारण ती पोथी कोणी तरी वाचली, कशी वाचली व वाचणारा कोठें अडला, याचा तो पुरावा असतो. हा न्याय जुन्या उपकरणांस मात्र क्वचितच लाविला जातो. कारागिराच्या हातून निघाली तशी राहिलेली वस्तु तेवढी अस्सल, व धन्यानें तींत फेरफार केला असल्यास ती बिघडलेली, अशी समजूत संग्राहकांत आढळते. ही समजूत इतिहासास बाधक कशी होते, हें एका साध्या उपकरणावरून दाखविण्याचा आमचा विचार आहे. तें उपकरण म्हणजे मासे धरण्याची गळाची काठी.

गळाचा विषय आपल्या ग्रंथकारांस अपरिचित नव्हता. संस्कृतांत गळास बडिश म्हणतात. आणि कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत 'मत्स्यविनोद' या नांवाचें स्वतंत्र प्रकरणच आहे. परंतु आमच्या प्रस्तुत मुद्द्यास अधिक उपयोगी असा ग्रंथ इंग्रजींतील आहे. 'ट्रीटिस ऑफ फिशिंग विथ ॲन अँगल' हा निबंध विंकिन द वर्ड या मुद्रकानें वेस्टमिन्स्टर येथें १४९६ मध्यें छापिला. त्याची सुमारें १४५० ची एक खंडित हस्तलिखित प्रत अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहे. ज्युलियाना बर्नर्स या स्त्रीकडे त्याचें कर्तृत्व परंपरेनें दिलें जातें. परंतु त्यास भक्कम आधार नाहीं.

या निबंधाचा विशेष असा कीं, काठी विकत घ्यावी असें तो सांगत नाहीं. ती आपण करावी असें सांगतो. सप्टेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंतच्या काळांत हेझल, विलो किंवा ॲस्पेन यांपैकीं एखाद्या झाडाचा, सुमारें नऊ फूट लांबीचा व हाताएवढा जाड सोट तोडावा, भट्टींत शेकून सरळ करावा, महिनाभर वाळवावा, मग तापलेल्या तारेनें आंतून पोकळ करावा. शेंड्यासाठीं हेझलची व दुसऱ्या एखाद्या चिवट झाडाची फांदी जोडावी. हा शेंडा सोटाच्या पोकळींत ठेवितां येतो. त्यामुळें धनी काठी टेकीत चालला असतां तो कोणत्या कामास निघाला आहे हें कोणास कळत नाहीं. दोर घोड्याच्या केसांचा. तोहि माशाप्रमाणें बदलावयाचा. अगदीं लहान माशास एक केस, ट्राउटास नऊ, मोठ्या ट्राउटास बारा, सामन माशास पंधरा. पाण्याच्या व ऋतूच्या रंगाप्रमाणें हे केस रंगवावे, व सुया तापवून, वांकवून गळ करावे, असेंहि त्यांत आहे. तात्पर्य, साधन धन्याच्या गरजेप्रमाणें घडविणें हा येथें अपवाद नसून नियमच आहे.

पुढें एकोणिसाव्या शतकांत बांबूच्या पट्ट्या सरसानें जोडून काठ्या करण्याची रीति अमेरिकेंत वाढीस लागली. पेनसिल्व्हेनियांतील ईस्टन गांवचा बंदूक-कारागीर सॅम्युएल फिलिप याचें नांव या कामीं प्रथम घेतलें जातें. त्या काठ्यांस आरंभीं भारतांतून जाणारा, 'कलकत्ता' या नांवानें ओळखला जाणारा बांबू लागे. विसाव्या शतकांत त्याची जागा चीनमधील टोंकिन बांबूनें घेतली. कारखान्यांचा काळ आल्यावर काठी ठराविक मापाची झाली. परंतु तिचा धनी कांहीं ठराविक मापाचा झाला नाहीं. म्हणून फेरफार चालूच राहिले.

या फेरफारांचा अर्थ लावितां येतो. शेंडा तोडून काठी आंखूड केली असतां ती ताठ होते. अर्थात् धन्यास जड मासा किंवा झाडीनें दाटलेला कांठ यांशीं गांठ घालावयाची असावी. मुठीवर बूच चढवून ती जाड केली असल्यास हाताचें माप किंवा बोटांची व्याधि सुचते. रीळ पुढें-मागें सरकविलें असल्यास तोल साधण्याचा हेतु दिसतो. दोर ओवण्याच्या कड्या वाढविल्या म्हणजे काठीवरील ताण अधिक ठिकाणीं विभागला जातो. आणि कडी हलविली तरी रेशमी वेढ्यांची जुनी खूण रोगणाखालीं राहते. यांपैकीं एकच खूण निर्णायक नव्हे. दोन-तीन जुळल्या तरच अनुमान करावें.

जुनी काठी हातीं येतांच ती खरवडून, नवें रोगण देऊन, तोडलेला शेंडा नव्यानें जोडणारा संग्राहक नेमक्या याच खुणा पुसून टाकितो. कारखान्याचें रूप एकाच नमुन्याच्या अनेक काठ्यांवरून कळेल; धन्याचा हात मात्र त्या एकाच काठीवर असतो. म्हणून दुरुस्तीपूर्वीं लांबी, तोडीची जागा, कड्यांमधील अंतरें व वेढ्यांच्या खुणा मोजून टिपून ठेवाव्या, आणि शक्य तों मूळ वस्तूस हातच लावूं नये, अशी आमची विनंति आहे. समासांतील टीप खरवडून पोथी स्वच्छ केली, असें कोणी सांगितल्यास आपण त्यास शाबासकी देणार नाहीं. काठीच्या बाबतींतहि ती देऊं नये.