कपडे धुण्याची फळी वाद्य कशी होते? वॉशबोर्ड शोधण्यापासून वाजवण्यापर्यंत

रील्सवर अधूनमधून एक गंमत दिसते. कुणीतरी छातीवर खाचांचा पत्रा लटकवलेला असतो आणि दोन्ही हातांनी तो खराखरा घासत असतो. गाणं मात्र झकास तालात चाललेलं असतं. हे वाद्य म्हणजे वॉशबोर्ड, कपडे घासून धुण्याची खाचांची फळी. अशा खरखरीत आवाजाचा ताल तुम्ही हिंदी गाण्यांत शेकडो वेळा ऐकला आहे. तो वाजवणारं एक महत्त्वाचं नाव मराठी आहे.

धुण्याच्या फळीपासून मंचापर्यंत

वॉशबोर्ड वाद्य झालं ते अमेरिकेत, कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये. ड्रम विकत घ्यायला पैसे नव्हते, फळी मात्र घरात होती. १९३० च्या दशकात शिकागोतील ब्लूज संगीतात ‘वॉशबोर्ड सॅम’ याच नावाने ओळखला जाणारा कलाकार होऊन गेला. १९४६ मध्ये लुइझियानाचे अकॉर्डियनवादक क्लिफ्टन शेनिए यांनी विली लँड्री या धातुकारागिराकडून खांद्यावर अडकवता येणारा खाचांचा पत्रा बनवून घेतला. त्याला ‘फ्रॉतवार’ म्हणतात. शेनिए यांचे भाऊ क्लीव्हलँड तो बाटलीच्या ओपनरने वाजवत. इंग्लंडमध्ये १९५६ साली जॉन लेनन यांनी शाळकरी मित्रांना घेऊन काढलेल्या बँडमध्येही एक जण वॉशबोर्डवर होता. त्याच बँडमधून पुढे ‘बीटल्स’ घडले.

आपल्याकडचा खरखर ताल

घरातल्या वस्तूला तालात घेणं आपल्याला नवं नाही. मंगळागौरीत सूप आणि लाटणं खेळात येतं, विदर्भात भुलाबाईच्या गाण्यांना टिपऱ्यांची साथ असते.

खाचांवर घासून वाजवायचं वाद्य मुंबईच्या सिनेसंगीतात रुळलं ते ‘रेसो-रेसो’ या नावाने. हा मूळचा लॅटिन अमेरिकेतला प्रकार. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात तो वाजवत अमृतराव काटकर. बर्मन यांच्या गाण्यांत तबला किंवा ड्रमच्या मागे जी बारीक ‘चिक्-चिक्’ सुरू असते, ती रेसो-रेसोची. ‘पडोसन’ (१९६८) मधल्या खिडकीच्या गाण्यात तर खरखरीत पृष्ठभागावर फणी घासून असा आवाज काढला होता.

त्या काळच्या सिनेमांच्या श्रेयनामावलीत संगीतकार आणि साहाय्यकांची नावं येत, वादकांची बहुधा नाहीच. त्यामुळे काटकरांचा ताल देशभर पोहोचला, पण गाणं आवडणाऱ्या बहुतेकांना त्यांचं नाव माहीत नसतं.

दुसरबीडमध्ये वॉशबोर्ड शोधायचा तर?

बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडसारख्या गावात धुणं म्हणजे दगड आणि धोपाटणं. तिथे अमेरिकन पद्धतीची पत्र्याची फळी शोधत बसण्यापेक्षा हे पर्याय सोपे आहेत:

- प्लास्टिकची धुण्याची फळी: स्वस्त असते, पण आवाज बसका येतो. सरावाला चालते.
- लाकडी फळी: खाचा खोल आणि कडा स्पष्ट असतील तर आवाज गोड आणि कोरडा येतो.
- बांबू: हाताएवढा लांब, पोकळ तुकडा घ्या. करवतीने अर्धा ते एक सेंटिमीटर अंतरावर आडव्या खाचा पाडा. पोकळीमुळे आवाज घुमतो. रेसो-रेसोच्या सर्वांत जवळ जाणारा हाच.
- टाळावं असं: छपराचा नालीदार पत्रा, कारण त्याच्या लाटा फार रुंद असतात. किसणीही नको, बोटं कापतात.

घेण्याआधी चमच्याच्या दांड्याने एकदा घासून पाहा. प्रत्येक खाच वेगळी ऐकू आली तर वस्तू कामाची. नुसती ‘फस्स’ आली तर सोडून द्या.

आवाज कसा तयार होतो?

चमचा एका खाचेवरून दुसरीवर पडतो तेव्हा एक छोटा ठोका होतो. असे वीस-तीस ठोके झरझर आले की कानाला ‘चर्र’ ऐकू येतं. हात जितका जलद, तितका आवाज चढा. फळी अंगाला घट्ट दाबली तर आवाज दबतो, म्हणून ती कडेने धरावी.

केरव्यावर पहिला धडा

केरव्याच्या आठ मात्रा मोजा. तबल्याची साथ मोबाइलवर लावली तरी चालेल.

- १: वरून खाली लांब घासा, ‘चर्र’
- ३: खालून वर आखूड, ‘चिक्’
- ५: न घासता नुसता ठोका, ‘टक’
- ७: पुन्हा वर आखूड, ‘चिक्’

२, ४, ६ आणि ८ या मात्रा रिकाम्या सोडा. केरव्याची ‘खाली’ पाचव्या मात्रेवर येते, म्हणून तिथे घासण्याऐवजी हलका ठोका शोभतो. सातव्या मात्रेनंतर हात वरच असतो, त्यामुळे पुढची सम सहज पकडता येते.

सुरुवातीला लय संथ ठेवा. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे सगळ्या मात्रा भरून टाकणं. मग गाणारा दबतो आणि खरखर तेवढी उरते. पत्रा वाजवत असाल तर कडांवर चिकटपट्टी लावा आणि बोटांत शिंप्याचं अंगुस्तान घाला. धातूवर धातूचा आवाजही त्याने खणखणीत येतो.

कान तयार करा

सरावाचा सर्वांत चांगला मार्ग फुकट आहे. हेडफोन लावून सत्तरच्या दशकातलं आर. डी. बर्मन यांचं एखादं गाणं ऐका. गायक आणि तबला बाजूला ठेवून फक्त ती बारीक ‘चिक्-चिक्’ शोधा. ती सापडली की तिच्याबरोबर फळी वाजवा. आणि ते गाणं पुढे शेअर केलंत, तर संगीतकाराच्या नावाबरोबर वादकांची नावंही लिहा.