इवल्याशा शब्दांचा कारभार

आमच्या वडिलांचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. १९५३ साली मुंबईतल्या एका कचेरीत त्यांनी नोकरीसाठी अर्ज केला होता. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात पत्र आले : मुलाखत 'पुट ऑफ' झाली आहे. वडिलांनी त्याचा अर्थ 'कॉल ऑफ' असा घेतला आणि ट्रंक उचलून ते कोकणात घरी परतले. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द. 'पुट ऑफ' म्हणजे नुसती पुढे ढकललेली! नव्या तारखेचे पत्र मुंबईच्या खोलीवर पडून राहिले. नोकरी दुसऱ्याला मिळाली.

ही हकिगत ऐकून आम्ही भावंडे हसत असू. वडील मात्र हसत नसत. पुढे मी इंग्रजी भाषेचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा कळले की या खड्ड्यात पडणारे ते एकटे नव्हते. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा प्रसिद्ध कोश १७५५ साली निघाला. क्रियापदापुढे असे इवलेसे शब्द जोडून जे अर्थ होतात, ते परकीयांना सर्वांत अवघड जातात, असे त्यांनी प्रस्तावनेतच सांगून ठेवले आहे. म्हणजे वडिलांची कैफियत जवळजवळ दोनशे वर्षे आधीच मांडली गेली होती!

जुन्या इंग्रजीत हे शब्द बहुधा क्रियापदाच्या आधी चिकटत, आपल्या उपसर्गांसारखे. एकाच 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात ना, तसेच. 'अंडरस्टँड' हा त्या जुन्या वळणाचा अवशेष. हळूहळू ते क्रियापदाच्या मागे जाऊन बसले. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारी भाषेत फ्रेंच शब्द शिरले. 'सरेंडर' हा त्या घराण्यातला. 'गिव्ह अप' हा घरचा. मौज अशी की, या जोडक्रियापदांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव छापून आले ते लोगन पिअर्सॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकात. जॉन्सननंतर तब्बल १७० वर्षांनी!

इंग्रजीलाच कशाला दोष द्यावा? 'पैसे देऊन टाक' आणि 'पैसे देऊन ठेव' यांतले अंतर एखाद्या परक्याला समजावून पाहा.

वडिलांनी पुढे एका वहीत ते दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहिले आणि त्यांखाली असे आणखी कितीतरी. मला नोकरीचे पहिले पत्र आले, तेव्हा पेढे आणण्यापूर्वी त्यांनी ते त्या वहीशी ताडून पाहिले होते.