मुळशीच्या मातीतील शिवराई

वैशाखात मुळशी धरणाचे पाणी उतरू लागले की तळाशी गेलेल्या गावांच्या खुणा उघड्या पडतात. घरांची जोती दिसू लागतात, देवळांचे घडीव चिरे, फुटक्या खापरांचे ढीग दिसू लागतात. अशा जमिनीवर, किंवा कोरीगड-घनगडाच्या पायथ्याच्या माळावर, सकाळच्या गारव्यात तास-दोन तास धातुशोधक यंत्र फिरवून जुनी नाणी धुंडाळावीत, हा छंद वरकरणी निरुपद्रवी वाटतो. आम्हांस तो तसा वाटत नाही. कारण सांगावयाचे तर थोडे इतिहासात शिरावे लागेल.

शोधण्याची ही ओढ जुनीच आहे. सोनाराच्या दुकानातील धूळ व राख धुऊन धातूचे कण वेचणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. आणि वळिवाने गडाच्या उतारावरील माती धुऊन गेली की एखादे तांब्याचे नाणे गुराख्याच्या हाती लागे. यंत्र मात्र अलीकडचे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या देहातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असे एक उपकरण बनविले. गोळी सापडली नाही, परंतु कल्पना टिकली. तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की त्याचे चुंबकीय क्षेत्र जमिनीतील धातूत प्रवाह निर्माण करते, आणि तो ओळखून यंत्र वाजते. सह्याद्रीच्या काळ्या कातळात लोहाचा अंश मोठा, म्हणून येथे ते पुष्कळदा उगाच वाजते. पण वाजले की मनुष्य खणतो, आणि खरी हानी खणण्याने होते.

या मातीत सापडण्याजोगे सर्वांत ओळखीचे नाणे म्हणजे शिवराई. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. १६७४ च्या राज्याभिषेकाशी निगडित असलेले हे तांब्याचे नाणे पुढे इतक्या ठिकाणी व इतका दीर्घकाळ पाडले गेले की पुणे प्रांतात ते एकोणिसाव्या शतकातही चालत असे. त्यावर साल मात्र नाही. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर देशावर आलेल्या चर्चच्या घंटा आठवाव्यात. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरील घंटेवर १७२१ हे साल ओतलेले आहे. ती कोठेही टांगली तरी आपले वय सांगते. शिवराईला ही सोय नाही. ती कोणत्या थरात होती, तिच्या शेजारी कोणते खापर होते, चुलीची राख होती की वाटेवरची खडी, यांवरूनच तिचा काळ व तिचा धनी यांचा तर्क करता येतो. उकरून खिशात घातलेली शिवराई अस्सल असूनही मुकी होते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभीचे. तेथे १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला व रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाणी क्षत्रप नहपानाची. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. पराभूत राजाचे धन विजेत्याने आपलेसे करून चालविले, हे त्या साठ्याने दाखविले. तीच नाणी एकेक करून बाजारात गेली असती तर नऊ हजार आणि उरलेली यांचे प्रमाण कोणास कळले असते?

मुळशीला तर ही गोष्ट अधिकच लागू आहे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी निळा-मुळा खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांवर पाणी येणार होते. १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते येथेच. जमिनीचे मालक असलेल्या सावकारांनी मोबदल्याची वाट धरली, तर कसणारे मावळे लढले आणि हरले. त्यामुळे कागदोपत्री उरले ते मुख्यत्वे मालकांचे हिशेब. कुळाच्या घरात काय होते, बाजारहाट कोणत्या नाण्यात होई, घाटवाटेने कोकणातून काय येई, हे त्या दप्तरात शोधून फारसे मिळणार नाही. ते गाळाखालच्या जोत्यांत आहे. आंबेमोहराची खाचरे गेली, गावे गेली. आता तेवढेही कोणी सकाळच्या फेरफटक्यात वेचून नेऊ नये, असे आम्हांस आग्रहाने वाटते.

इंग्लंडमध्ये हा छंद जमीनमालकाच्या संमतीने चालतो, पण तेथे १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंची जागेसह नोंद ठेवण्याची योजना आहे व तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याकडे तशी योजना नाही, कायदे आहेत. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्यावाचून खणता येत नाही. १९७२ च्या अधिनियमानुसार शंभर वर्षांपूर्वीचे नाणे ही पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाही. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. धन बेवारशी ठरले व वेगळा करार नसला तर शोधणाऱ्यास तीन हिस्से व जमीनमालकास एक हिस्सा मिळतो; लपविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपयांहून अधिक मोलाच्या धनास हा नियम लागू आहे. ही मर्यादा मूळ कायद्यातील, म्हणजे १८७८ मधील दहा रुपयांची. आज झिजलेली एक शिवराईदेखील तिच्यापेक्षा महाग पडते.