निरोप्या

मराठीतील कॅथलिक मासिक. जर्मन जेज्विट धर्मगुरू हेन्री डोरिंग (१८५९–१९५१) यांनी १९०३ मध्ये राहुरी तालुक्यातील केंदळ या खेड्यात ते सुरू केले. प्रॉटेस्टंट पंथीयांचे ज्ञानोदय अहमदनगर येथे १८४२ मध्येच निघाले होते. कॅथलिकांना मात्र साठ वर्षे विलंब लागला.

नगर जिल्ह्यातील नवख्रिस्ती प्रामुख्याने अस्पृश्य गणलेल्या जातींतील होते. वस्त्या विखुरलेल्या, धर्मगुरू थोडे व अक्षरओळख विरळ. अशा ठिकाणी छापील अंकाला वाचून दाखविणारा माणूस लागतो. तो म्हणजे गावचा ख्रिस्ती शिक्षक. लोक त्याला ‘मास्तर’ म्हणत. मुलांची शाळा, प्रार्थना आणि धर्मशिक्षण तोच पाही. गोऱ्या पाद्र्यांच्या कार्याचे गोडवे गाताना या मास्तरांचा अनेकदा विसर पडतो. वस्तुतः श्रद्धा घरोघर पोहोचली ती त्यांच्या शेजारधर्मामुळे. मासिकाने तिला भाषा दिली.

डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध केले. निरोप्या पुढे पुण्याहून प्रसिद्ध होऊ लागले व २००३ मध्ये त्याच्या स्थापनेस शंभर वर्षे पूर्ण झाली.