चढाईचा हिशेब : उरणची कबड्डी आणि विक्रमांची वही

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ‘रनिंग बॅक’ म्हणजे चेंडू छातीशी कवटाळून प्रतिपक्षाच्या फळीत घुसणारा आणि खाली पाडला जाईपर्यंत मिळेल तेवढी भूमी पदरात पाडून घेणारा खेळाडू होय. त्याची योग्यता यार्डांत मोजली जाते. उरण तालुक्यातील आगरी-कोळी गावांत तो खेळ कोणी खेळत नसले, तरी एकट्याने सात जणांच्या अंगणात शिरून त्यांच्या पकडीतून निसटण्याचे कसब तेथील कबड्डीपटूंनी पिढ्यानपिढ्या जोपासले आहे. दोन्ही कसबांच्या इतिहासात मोठे अंतर पडले ते मात्र नोंदीमुळे.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रॉन डेन याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९९६ ते १९९९ या चार हंगामांत त्याच्या नावावर अधिकृतपणे ६,३९७ यार्ड लागले आणि तो विक्रम ठरला. परंतु ‘बोल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हंगामोत्तर सामन्यांतील त्याचे ७२८ यार्ड त्या काळच्या नियमानुसार हिशेबात धरले गेले नाहीत. २००२ पासून हे सामनेही गणले जाऊ लागले, पण मागील आकडे दुरुस्त झाले नाहीत, आणि म्हणून २०१६ मध्ये सॅन डिएगो स्टेटच्या डॉनेल पम्फ्री याने बोल सामन्यांसह ६,४०५ यार्ड गाठून तो विक्रम कागदोपत्री अवघ्या आठ यार्डांनी मोडला. जिथे यार्डायार्डाची वही ठेवली जाते, तिथेही विक्रम कोणाचा हे अखेर वहीच ठरवते, असे म्हणणे भाग आहे.

कबड्डीत अशी वही फार उशिरा आली. हुतूतू या नावाने कोकणात आणि देशावर खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधले गेले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक दाखवले, तर १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ झाला. या सर्व काळात जमेस धरला गेला तो संघाचा विजय.

चढाईचे तंत्र मात्र व्यक्तीचेच असते. ‘कबड्डी कबड्डी’ असा दम घेत मध्यरेषा ओलांडणाऱ्या चढाईपटूला त्यापुढच्या ‘निदान रेषे’पलीकडे जावेच लागते, नाहीतर गडी न मारताच परतल्यास तो बाद होतो. पुढे गेल्यावर कोपऱ्यातील रक्षक त्याचा घोटा धरू पाहतो, तर बाजूचे दोघे हातात हात गुंफून साखळी घालतात. अशा वेळी पकडणाऱ्यांना अंगावर घेऊन, पालथे पडत, नुसती बोटे मध्यरेषेला टेकवली तरी धरणारे सगळे बाद होतात. अमेरिकेतील धावपटू जसा पाडला जाता जाता हात लांबवून आणखी अर्धा यार्ड मिळवतो, तीच ही युक्ती.

उरण ज्यात येते त्या रायगड जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाब्यात, गावोगावी प्रकाशझोतात होणाऱ्या स्पर्धांतून या युक्तीला दाद मिळत आली. उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड आणि प्रेक्षकांच्या पसंतीचा ‘पब्लिक हिरो’ अशी वैयक्तिक बक्षिसे देण्याची पद्धत रूढ झाली, तरी चढाईपटूच्या साऱ्या कारकिर्दीची गुणांची बेरीज कोणी मांडली नाही; चषक संघाच्या कपाटात गेला आणि गुणपत्रिका रद्दीत. १९७० नंतर नवी मुंबईसाठी आणि पुढे १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरासाठी शेतजमिनी व मिठागरे संपादित होत गेली, तेव्हा या खेळाला जागा देणारे मोकळे रानही आटले, हे येथे नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये.

२०१४ साली ‘प्रो कबड्डी’ ही व्यावसायिक स्पर्धा दूरचित्रवाणीवर आली आणि प्रत्येक चढाईचा गुण खेळाडूच्या खात्यावर चढू लागला. २०१७ च्या हंगामात मुंबईच्या रिशांक देवाडिगाने एका सामन्यात चढाईचे २८ गुण मिळवले, आणि त्याच हंगामात प्रदीप नरवालने ३४ गुणांपर्यंत मजल मारून ते मागे टाकले. हे आकडे जुन्या चढाईपटूंच्या पुढे ठेवता येणार नाहीत, कारण तुलनेसाठी त्यांची बेरीजच हाती नाही. आणि ती असती, तरी तीस सेकंदांची चढाई, दोन निष्फळ चढायांनंतरची निर्णायक तिसरी चढाई आणि पायात बूट घालून खेळायची मॅट यांमुळे मातीवरच्या अनवाणी खेळाशी तिचा मेळ बसवणे कठीणच गेले असते.