वारणेतील संगणक आणि उसाची पावती

खेड्यापर्यंत इंटरनेट नेण्याच्या भारतीय प्रयत्नांचा इतिहास पाहू गेल्यास वारणानगरला वळसा घालून पुढे जाता येत नाही. १९९८ साली केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेतला. गावोगाव ५४ संगणक केंद्रे उभी राहिली. बाजारभाव, पीकसल्ला, जमिनीचे उतारे, आरोग्य व रोजगाराविषयीची माहिती हे सारे मराठीतून शेतकऱ्याच्या दारी येईल, असे संकल्पचित्र होते.

काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले तेव्हा या केंद्रांत प्रामुख्याने एकच व्यवहार चालत होता : उसाचा हिशेब. कोणत्या शेताला तोडणीचा परवाना मिळाला, काट्यावर वजन किती भरले, खत किती उचलले, याची नोंद आणि पावती. विश्वज्ञानाचे द्वार म्हणून आणलेले यंत्र कारखान्याची खतावणी होऊन बसले.

याला प्रकल्पाचे अपयश म्हणावे काय? उत्तर वाटते तितके सरळ नाही. आपल्या वजनाचा आकडा गावातच हाती येणे ही ऊस उत्पादकाच्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट नव्हे. त्याच्या वर्षभराच्या कष्टाचा तोच लेखी पुरावा असतो. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा यांनी सात गावांत आठ महिने प्रयोग करून हेच काम मोबाइलच्या लघुसंदेशांवर आणले. ते संगणकाहून स्वस्त, सोयीचे आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत ठरले. आपली गरज कोणती, हे शेतकऱ्यांनी वापरातून आधीच ठरवले होते. साधन मागाहून तिच्या मापाचे झाले.

टोयामा यांनी २०१५ च्या 'गीक हेरेसी' या पुस्तकात मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो : तंत्रज्ञान माणसांचे हेतू आणि क्षमता केवळ वाढवते, नव्याने निर्माण करीत नाही. वारणेत सहकाराची घडी आधीच बसलेली होती, म्हणून तिची नोंदवही वेगवान झाली. मात्र याच विचाराची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. नोंदवहीत खाते होते ते ऊस पिकवणाऱ्याचे. त्याच फडात कोयता चालवणाऱ्या, हंगामापुरत्या परमुलखातून आलेल्या तोडणी मजुराला त्या पडद्यावर विचारण्याजोगा प्रश्नच नव्हता.

साक्षरतेच्या इतिहासात आपण कोणाला वाचता येते एवढेच विचारत नाही; काय लिहिले गेले आणि कोणाविषयी, हेही विचारतो. डिजिटल समावेशनाच्या अभ्यासकाने जोडण्या मोजण्यापूर्वी हा दुसरा प्रश्न विचारला, तर वारणेची पावती त्याला पुष्कळ काही सांगू शकेल.