खाडीचा जमाखर्च

गिरणी केवळ दिवसपाळीत पाहून तिचा हिशेब कळत नाही, हे मी युनियनच्या कामात शिकलो. खाडीचेही तसेच आहे.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची रासायनिक रीत हंगेरीच्या विंक्लर यांनी १८८८ साली काढली. तिच्याच आधारे नॉर्वेच्या गार्डर व ग्रान यांनी १९२७ साली ऑस्लोच्या खाडीतल्या पाण्याचा जमाखर्च मांडला. एक बाटली पारदर्शक, एक काळी. पहिलीत सूक्ष्म वनस्पती उन्हाच्या बळावर प्राणवायू कमावीत आणि खर्चही करीत. काळीत नुसता खर्च. दोहोंतला फरक म्हणजे एकूण कमाई. पण तळचा चिखल, गवत, कालवे बाटलीबाहेरच राहिली.

तेव्हा अमेरिकेच्या हॉवर्ड ओडम यांनी सबंध जलाशयच हिशेबाला घेतला. १९५६ साली वाहत्या पाण्याचा, १९५८ साली हॉस्किन यांच्यासह टेक्सासच्या खाड्यांचा. दिवसा प्राणवायू किती चढला, रात्री किती उतरला, हे पाहायचे आणि हवेशी झालेली देवघेव त्यातून वेगळी काढायची. भरती-ओहोटीने पाणीच बदलते. तेवढे मात्र जपावे लागते.

सांडपाणी आले की ते कुजविणाऱ्या जंतूंचा खर्च वाढतो. दुपारी सारे आलबेल दिसते. पहाटे मासे गुदमरतात. म्हणून खाडीची चौकशी करणाऱ्याने रात्रपाळीही केली पाहिजे.